उलटा बाजार

१

शनिवारी सकाळी श्रीधर चारठाणकरांच्या घरातून कन्नड गावचा अख्खा बाजार चोरीला गेला. बैल, पोती, पाट्या मांडून बसलेल्या बाया, फेटेवाले, धोतरवाले, सगळं गेलं. आणि एवढा बाजार मावला होता कशात म्हणाल, तर तळहाताएवढ्या एका जुन्या फोटो-पोस्टकार्डात.

खबर घेऊन धावत आला श्रीधररावांचा भाचा शंतनू. पोलीस चौकीत नाही, पैठण गेटजवळच्या ‘सेलूकर चष्मेवाले’ या दुकानात. यात नवल काही नाही. कुणाची अंगठी हरवो, कुणाच्या दारातली सायकल जागा बदलो, त्या भागातली माणसं आधी कालिंदी सेलूकरांकडे येतात. नवरा गेल्यापासून बाई एकटीनं दुकान चालवतात. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं हाच धंदा, त्यामुळे कोण सरळ बघतंय आणि कोण नजर चोरतंय हे त्यांना लवकर कळतं. जीभ मात्र तिखट. सोडत नाहीत कुणाला.

“मावशी, मामांचं कन्नड गेलं!”

“कुठं गेलं? घाटातून घसरलं की काय?” कालिंदीताई काउंटर पुसता पुसता म्हणाल्या. मग त्यांनी पोराचं तोंड पाहिलं आणि फडकं खाली ठेवलं. “ते मापाऱ्याचं कार्ड?”

“तेच. अल्बममध्ये जागा रिकामी. बाकी एकाही कार्डाला धक्का नाही.”

कालिंदीताईंचा हात आपसूक काउंटरवरच्या एका डबीवर गेला. डबीत भागूबाईचा नवाकोरा चष्मा होता.

भागूबाई मूळची कन्नडची, आता बजाजनगरला नातवाकडे राहणारी, नव्वदीला टेकलेली. तिचा बाप कन्नडच्या बाजारात धान्य मापून द्यायचा. मापारी होता. ती पाळण्यात असतानाच तो गेला. घरात त्याचा फोटो नव्हता, चेहरा आठवणारं कुणी उरलं नव्हतं. कन्नडची जुनी माणसं एवढंच सांगत, की तो डावरा होता, डाव्या हातानं मापायचा. आणि श्रीधररावांच्या कार्डात, ऐन पुढे, एक मापारी डाव्या हातानं माप भरत होता!

श्रीधरराव ते कार्ड घेऊन स्वतः बजाजनगरला गेले होते. भागूबाईच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू. तिनं कार्ड नुसतं चाचपलं, कपाळाला लावलं आणि म्हणाली, “आता वर गेले तं बापाला वळखीन. लई घोर व्हता जिवाला.” ऑपरेशनचं नाव काढलं की भांडायला उठणारी ती म्हातारी, दुसऱ्या दिवशी आपण होऊन दवाखान्यात चला म्हणाली. डोळे झाले. चष्मा आज मिळणार होता. आणि उद्या, रविवारी, श्रीधररावांच्या कार्डांच्या प्रदर्शनात ती आपल्या बापाला पहिल्यांदा बघणार होती.

“आजी दुपारी चष्म्याला येतायत रे,” कालिंदीताई म्हणाल्या. “त्यांना काय दाखवायचं, रिकामी जागा?” आणि शेजारच्या दुकानदाराला “जरा लक्ष ठेवा हो” म्हणून त्या निघाल्या.

२

समर्थनगरातल्या श्रीधररावांच्या त्या खोलीत शिरायच्या आधी हात धुवावे लागतात. हा नियम पाहुण्यांना, भाच्याला आणि खुद्द श्रीधररावांनाही. कालिंदीताई बेसिनपाशी गेल्या, हात धुतले आणि सवयीनं वर बघितलं. आरसा नव्हता. नुसता खिळा होता. त्यांनी पदराला हात पुसले आणि आत गेल्या.

ती खोली म्हणजे काय वर्णावी! श्रीधरराव पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. खात्यातली माणसं दौऱ्यावरून काय काय घेऊन येत, ते आपण बोलायला नको. श्रीधरराव आणत ती पोस्टकार्डं. पैठण, वैजापूर, अंबड, भोकरदन. रद्दीवाल्यांची पोती उपसून, कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंका उघडायला लावून त्यांनी एकेक रस्ता गोळा केला होता. वेरूळ-अजिंठ्याचं कार्ड त्यांनी फुकट मिळालं तरी घेतलं नाही. म्हणायचे, “लेणी कुठं जात नाहीत हो वहिनी. रस्ते जातात.” वैजापूरच्या एका कार्डात सायकलच्या दुकानापुढे एक कुत्रं झोपलेलं आहे. त्या कुत्र्याबद्दल ते इतक्या मायेनं बोलायचे, जणू काल संध्याकाळीच त्याला भाकरी घालून आलेत. कालिंदीताईंना या माणसाचा फार आदर होता. नवऱ्याचा मित्र म्हणून होताच, पण जी माणसं आपली कुणी नाहीत त्यांना एवढं जीव लावून जपणारा दुसरा माणूस त्यांनी बघितला नव्हता.

आज तो माणूस खुर्चीत मुटकुळं करून बसला होता. गालांवर पांढरे खुंट. रिटायर झाल्यावरही रोज ऑफिसला निघाल्यासारखी गुळगुळीत दाढी करणारे श्रीधरराव!

“भाऊजी, अल्बम बघू.”

कार्ड चार कागदी कोपऱ्यांत अडकवलेलं असायचं. चारही कोपरे जागच्या जागी, एकालाही सुरकुती नाही. कार्ड ओढून काढलेलं नव्हतं, अलगद वाकवून सोडवलं होतं.

“जाऊ द्या वहिनी,” श्रीधरराव म्हणाले. “गेलं ते गेलं. पोलीस नको, बोभाटा नको. उद्या बाकीची कार्डं लावू.”

“जाऊ द्या? मागं मी एका कार्डाला अंगठा लावला तर दोन दिवस बोलला नव्हतात माझ्याशी!”

कालिंदीताईंनी खोलीभर नजर फिरवली. खिडकीत, पुस्तकांना टेकवून, एक आरसा उभा होता. मागे सुतळीची कडी असलेला, बेसिनवरचा आरसा.

“बरं, मला ते कार्ड परत एकदा सांगा. मी नीट बघितलंच नव्हतं कधी.”

एवढं म्हणायचा अवकाश, माणूस उजळला. डोळे मिटूनच बोलायला लागले. “पुढे तो मापारी. गुडघ्यावर बसलाय, हातात पायलीचं माप, काठोकाठ सपाट. चेहरा कसा, करारी. त्याच्यामागे दुकान, वर उर्दू पाटी. निजामाचं राज्य ना तेव्हा. डावीकडे केळीवाली. आणि रस्त्यापलीकडे बैलाच्या शिंगाआडून दिसणारा दुसरा मापारी, तो उजव्या हातानं मापतोय. त्याच्या मापावर ही एवढी रास! आणि गंमत बघा वहिनी, अख्ख्या बाजारात तो एकटाच कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. बाकी सगळे आपापल्या कामात. मला फार आवडतो तो.”

एवढं बोलून त्यांनी डोळे उघडले आणि अल्बम मिटून बाजूला सारला.

“काल इथं कोण कोण आलं होतं?”

“शंतनू. भागूबाईंचा नातू सुदर्शन. आणि...” श्रीधरराव अडखळले. “आणि करमाडचे आप्पासाहेब.”

३

आप्पासाहेबांचं नाव ऐकून शंतनू जिन्यात येईपर्यंत कसाबसा थांबला. खाली उतरताच फुटला.

“मावशी, चोर तोच! त्याला हे कार्ड कधीपासून पाहिजे होतं. मामा देईनात. काल जाता जाता काय म्हणाला माहितीय? मी या कानांनी ऐकलं. म्हणाला, ‘श्रीधरराव, तुमचा बाजार उलटा हाय!’ आणि मामांचा चेहरा असा उतरला म्हणता! सरळ धमकी आहे ही. तुमचा बाजार उठवतो म्हणतात ना, तसं.”

“उठवतो म्हणाले की उलटा म्हणाले?”

“उलटा. एकच की ते!”

“मग?”

“मग मामांनी त्यांना हाताला धरून परत खोलीत नेलं, दार लावलं. बऱ्याच वेळानं आप्पासाहेब बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता गेले.”

हे आप्पासाहेब म्हणजे करमाडचे मोठे शेतकरी. जुनी नाणी, जुनी कार्डं, जे जुनं ते गोळा करायचा नाद. त्यांच्या जमिनीचे निजामाच्या काळातले कागद उर्दूत होते. दुसऱ्याच्या वाचण्यावर भरवसा नको म्हणून या पठ्ठ्यानं पिकलेल्या मिशांनी एका मौलवींपुढे बसून उर्दू शिकून घेतली होती. हट्टी माणूस, पण चोर? कालिंदीताईंनी दुकानात येऊन त्यांना फोन लावला.

“आप्पासाहेब, श्रीधररावांचं कन्नड गेलं.”

पलीकडे खाट कुरकुरली. “गेलं? कुठं गेलं?”

“तेच विचारतेय. काल दार लावून काय बोललात?”

“बाई, खोटं नाय बोलत. ते कार्ड खिशात घालून आणावं अशी लई विच्छा व्हती माझी. पण आणलं नाय. आन त्याच्याम्होरं मला बोलायला लावू नगा. जबान दिली म्या श्रीधररावाला.”

“कसली जबान?”

“अवो, सांगितली तं जबान कसली ती?” आणि फोन बंद.

दुपारी भागूबाई आली, नातवाच्या स्कूटरवर मागे बसून. सुदर्शन वाळूजला कंपनीत कामाला. उंचापुरा, पण बाईंपुढे अवघडून उभा होता.

“सुदर्शन, काल श्रीधररावांकडे कशाला गेला होतास?”

“कार्ड मागायला, ताई. एका राताच्या बोलीवर. आजी झोपायलीच नाय हो. उठती, बसती, बाप कसा दिसत आसल म्हणती. म्हणलं उशाला ठिवू, सकाळी आणून दिऊ. ते नाय म्हणले. बराबर हाय त्यांचं. आमच्या घरी लेकरं हायत, च्या सांडंल, काय व्हईल.” त्यानं सरळ डोळ्यांत बघून सांगितलं. कार्ड गेल्याचं त्याच्या गावीही नव्हतं. कालिंदीताईंनी त्याचं नाव मनातून तिथंच खोडलं. नेलं असतं तर म्हातारी इथं अशी बसली नसती.

भागूबाईनं चष्मा घ्यायला हात पुढे केला. डावा हात. मग चटका बसल्यासारखा तो मागे घेतला आणि उजवा पुढे केला.

“राहू द्या आजी, कोणत्याही हातानं घ्या,” कालिंदीताई म्हणाल्या.

“नाय गं माय. लई मार खाल्ला या हातापायी. बापाचा हात आलाय म्हणायची आई, आन वरून फटका द्यायची. परसाद या हातानं नाय, वाण या हातानं नाय. बापाला बी लोक नावं ठिवायचे. पण माप त्याचंच घ्यायचे! का तं त्याचं माप शिगेचं. वर ढीग लावल्याबिगर पोत्यात वतायचाच नाय. बाकीचे मापारी हात फिरवून सपाट करायचे. आई सांगायची.”

चष्मा डोळ्यांवर बसला. म्हातारीनं दुकान बघितलं, रस्ता बघितला, नातवाचं तोंड बघितलं. “काळाच हायस की रं,” म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “आता उद्या बापाला बगते. मग डोळं मिटले तरी चालतंय.”

कालिंदीताईंनी मान फिरवली. रिकामी डबी त्या उगाच पुसत राहिल्या.

४

संध्याकाळी किराडपुऱ्यातल्या एक खाला डोळे तपासायला आल्या. कालिंदीताईंची तपासणीची खोली लहान. एवढ्याशा खोलीत अक्षरांचा तक्ता लांब दिसावा म्हणून जुने चष्मेवाले करतात तीच युक्ती त्यांच्या नवऱ्यानं केली होती. तक्ता माणसाच्या डोक्याच्या वर, पाठीमागे टांगायचा आणि समोरच्या भिंतीवर आरसा लावायचा. माणूस आरशात बघून वाचतो. म्हणून तक्त्यावरची अक्षरं मुळातच उलटी छापलेली असतात. आरशात ती सुलटी होतात. मराठीचा तक्ता तसा, उर्दूचाही तसाच. कालिंदीताईंना उर्दू वाचता येत नाही, पण हजारो माणसांच्या तोंडून ऐकून तक्त्यावरचं एकेक अक्षर ओळखीचं झालेलं.

“दाल,” खाला आरशात बघून म्हणाल्या. “रे. ये क्या हय, नून?”

“हौ, नून हय,” म्हणता म्हणता कालिंदीताईंनी चाळा म्हणून हातातली प्रदर्शनाची पत्रिका वर केली. पत्रिकेवर ते कार्ड बोटाएवढं छापलेलं. शंतनूनं मोबाइलवर वेड्यावाकड्या उजेडात काढलेला फोटो; माणसांचे चेहरे तिळाएवढे, नाक नाही की डोळे नाहीत. दुकानावरची पाटी तेवढी ठळक. तिच्या कडेला सुटं उभं असलेलं एक अक्षर, कोपरात वाकवलेल्या हातासारखं. दाल! ओळखीचा दाल.

पण जरा थांबा. हा कुठला दाल?

त्यांनी आरशात बघितलं. तिथल्या दालाचं कोपर एकीकडे. मान वळवून डोक्यावरच्या तक्त्याकडे बघितलं. तिथल्या दालाचं कोपर दुसरीकडे. मग पत्रिकेवर बघितलं.

पत्रिकेवरचा दाल तक्त्यावरच्या दालासारखा होता. उलटा.

“अगं बाई!” कालिंदीताई एवढ्या जोरात ओरडल्या की खाला खुर्चीतून उठल्याच.

“क्या हुआ? आँख में कुछ निकला क्या?”

“तुमच्या नाही खाला, माझ्या!” त्यांनी पत्रिका आरशासमोर धरली. बाजार फिरला. केळीवाली या बाजूची त्या बाजूला गेली, पाटी सुलटी झाली. आप्पासाहेबांनी धमकी दिलीच नव्हती. जे डोळ्यांना दिसलं तेच तो सरळ माणूस बोलला होता. तुमचा बाजार उलटा हाय.

खालांना उद्या या म्हणून सांगून, दुकान लवकर बंद करून त्या तडक समर्थनगरला निघाल्या.

५

“भाऊजी, दाढी करा आता,” कालिंदीताई खोलीत शिरता शिरता म्हणाल्या. “आरसा घ्या तो खिडकीतला आणि लावा जागेवर.”

श्रीधररावांनी वर बघितलं. शंतनू दारातच थबकला.

“मावशी, आप्पासाहेबांनी कबूल केलं?”

“त्यांचं नाव घेऊ नकोस. सोन्यासारखा माणूस आहे. दिलेल्या शब्दापायी चोराचा आळ अंगावर घेऊन गप्प बसलाय.” त्या श्रीधररावांसमोर बसल्या. “मी सांगते, चुकलं तर सांगा. हे फोटो काचेच्या निगेटिव्हवरून छापायचे, बरोबर? काच पालथी पडली की डावं उजवं होतं. या कार्डाचं तसंच झालंय. तुम्हाला उर्दू येत नाही, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. आप्पासाहेबांनी काल पाटी वाचली आणि हसून बोलून गेले. बरोबर?”

श्रीधररावांनी मान हलवली.

“आता आरसा. तो बाहेरच्या बेसिनवरून इथं कुणी आणला? आप्पासाहेबांना आरशाची गरज काय, त्यांना उलटंही वाचता येतं. सुदर्शनला पाटीचं काही माहीतच नाही. आणि शंतनूनं चोरी केली असती तर गावभर बोंबलत कशाला सुटला असता? आरसा लागला तुम्हाला. तुम्हाला अक्षरं बघायची नव्हती, भाऊजी. हात बघायचा होता.”

मग श्रीधररावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“तो डावरा नाही, वहिनी,” ते म्हणाले. “आरशात बघितलं आणि पायाखालची जमीन सरकली माझ्या. उजव्या हातानं मापतोय तो. कुणी भलताच आहे. भलत्याच माणसाला मी त्या माउलीचा बाप केला! तिनं कार्ड कपाळाला लावलं हो. वर गेले तर ओळखीन म्हणाली. काय तोंडानं सांगू, की बाई, ज्याला ओळखणार आहेस तो तुझा कुणी नाही? म्हटलं, कार्डच हरवलं तर ती निदान मनातल्या बापाला घेऊन जाईल. आप्पासाहेबांना शब्द द्यायला लावला आणि...”

“मामा!” शंतनूच्या तोंडून एवढंच निघालं.

कालिंदीताईंना रागवायचं होतं. सकाळपासून साठवलेलं बरंच होतं त्यांच्याकडे. पण एका परक्या म्हातारीचं मन मोडू नये म्हणून स्वतःच्या जिवाचा तुकडा लपवून बसलेला हा माणूस बघून त्यांचा राग कुठल्या कुठे गेला.

“कार्ड कुठंय? फाडलं नाहीत हे मला माहीत आहे. तुमच्यानं होणार नाही ते.”

श्रीधररावांनी अल्बमचं वैजापूरचं पान उघडलं. झोपलेल्या कुत्र्याच्या कार्डामागून त्यांनी दुसरं कार्ड अलगद सोडवलं.

“राखणीला कुत्रं बसवलंत होय!” कालिंदीताई म्हणाल्या. “बरं, आता मला सांगा. एवढे इंजिनिअर तुम्ही, धरणं बांधलीत. आरशात हा एकटाच मापारी फिरला का?”

“म्हणजे?”

“अहो, अख्खा बाजार फिरला ना! मग रस्त्यापलीकडचा तो तुमचा हसरा, जो तुम्हाला उजव्या हातानं मापताना दिसत होता, त्याचं काय झालं?”

श्रीधरराव ताडकन उठले. मग त्यांनी आरसा ओढला, कार्ड त्याच्यासमोर धरलं, भिंग घेतलं. दोन्ही एकदम जमेना, तेव्हा शंतनूनं पुढे होऊन कार्ड धरलं.

“डावा,” ते पुटपुटले. “वहिनी, डावा हात! मी... मी त्या पुढच्याच्याच हाताकडे बघत बसलो. त्याच्या पलीकडे नजर गेलीच नाही माझी.”

“पण मावशी,” शंतनू म्हणाला, “एखादा दुसराही डावरा असू शकतो की.”

“असू शकतो. म्हणून मी नुसत्या हातावर गेले नाही. भागूबाई आज काय म्हणाल्या ठाऊक आहे? बाकीचे मापारी माप सपाट करायचे, त्यांच्या बापाचं माप शिगेचं, वर ढीग लावलेलं. आणि भाऊजी, सकाळी डोळे मिटून तुम्हीच मला सांगितलंत. पुढच्याचं माप काठोकाठ सपाट. आणि मागच्याच्या मापावर?”

“ही एवढी रास,” श्रीधरराव म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

६

प्रदर्शन औरंगपुऱ्यातल्या एका सभागृहात होतं. रविवारी सकाळपासून माणसं येत होती आणि आपापल्या गावापुढे उभी राहत होती. “हे आमचं वैजापूर! अन् ही बघा वेस!” अशी बोटं दाखवणं चाललेलं. श्रीधरराव गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून एकेकाला रस्ते दाखवत होते. आप्पासाहेब आले तेव्हा श्रीधरराव त्यांच्या पाया पडायला वाकले. आप्पासाहेबांनी त्यांना मधेच धरलं. “आरं आरं! उलटं काय करता पुन्यांदा?”

शंतनूनं रात्रीतून कन्नडच्या कार्डाचं भिंतभर मोठं चित्र करून आणलं होतं. संगणकावर ते सुलटं करणं म्हणजे एक बटण दाबायचं काम. पण श्रीधररावांनी करू दिलं नाही. “छापणाऱ्याच्या हातून झालं ते तसंच राहू दे,” म्हणाले. मग कालिंदीताईंनी तपासणीच्या खोलीतला आरसा उतरवून आणला, दुकानातली उंच खुर्चीही आणली. चित्र खुर्चीच्या मागे, आरसा समोर.

भागूबाई आली. नवं इरकल नेसून, चष्मा पदरानं पुसत. श्रीधरराव पुढे झाले. बोलायला त्यांना फार कष्ट पडले, पण बोलले. “आजी, मी तुम्हाला चुकीचा माणूस सांगितला होता. तो पुढचा नाही. माझी चूक झाली. तुमचे वडील मागे आहेत.”

म्हातारीनं त्यांच्याकडे टक लावून बघितलं. सुदर्शननं तिला धरून खुर्चीत बसवलं. कालिंदीताईंनी रोजच्यासारखी तिची मान सरळ केली आणि म्हणाल्या, “आजी, आरशात बघा. बैलाच्या शिंगामागं.”

भागूबाईनं बघितलं. आरशात कन्नडचा बाजार सुलटा भरला होता. पाटी सुलटी, केळीवाली आपल्या जागी. शिंगामागं एक तरणा माणूस डाव्या हातानं माप धरून, मापावर धान्याचा ढीग लावून, सरळ समोर बघून हसत होता. आणि त्याच्या खांद्याशेजारी आरशात आणखी एक चेहरा होता. चष्मा लावलेला, सुरकुतलेला. तेच रुंद कपाळ. हसताना एका बाजूला जाणारं तेच तोंड.

“अगं माय,” भागूबाई म्हणाली. “ह्यो तं माझ्याकडंच बगायलाय!”

म्हातारी कितीतरी वेळ एकदा त्याच्याकडे आणि एकदा शेजारच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. श्रीधरराव भिंतीला टेकून उभे होते. कालिंदीताईंना समोरचं नीट दिसेना, म्हणून त्यांनी स्वतःचा चष्मा काढून पुसला.

मग भागूबाईनं हात वर केला. उजवा आधी उचलला, तो तिनं परत मांडीवर ठेवला. आयुष्यभर प्रसादाला, वाणाला, कुणाच्या पाया पडायला जो कधी पुढे येऊ दिला नाही तो डावा हात तिनं सगळ्यांदेखत वर केला आणि आरशातल्या त्या हसऱ्या माणसाला दाखवला.

“बग बापा,” ती म्हणाली, “तुझाच हाय.”